यादीच्या आधी एक मंगळवार लिहून काढा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जर्मनीतल्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांना मिळणारा नोकरीचा आणि राहण्याचा परवाना) येणार आहात, आणि विचारलंय की पाच वर्षांत यशस्वी व्हायचं तर आखणी कशी करावी. खाली यादीही दिली आहे: पीआर (म्हणजे कायम राहण्याचा परवाना), स्वतःचं घर, टीम लीड, नागरिकत्व. आई-वडिलांची काळजी वाटते असंही लिहिलंय. आणि अगदी शेवटी एक वाक्य, ‘बायकोही सोबत येईल.’

मी २०१६ मध्ये आलो तेव्हा माझी यादी जवळपास हीच होती. पासपोर्टच्या कव्हरमध्ये घडी घालून ठेवलेला कागद होता आणि त्यावर सगळ्यात वर लिहिलं होतं, ‘२१ महिन्यांत पीआर.’ तेव्हा ब्लू कार्डवाल्याला ए-१, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचं जर्मन येत असेल तर ३३ महिन्यांनी आणि बी-१, म्हणजे मधल्या पातळीचं येत असेल तर २१ महिन्यांनी कायमचा परवाना मिळायचा. ते एक वर्ष वाचवायचं म्हणून मी ऑफिसहून आलो की रोज रात्री साडेअकरापर्यंत जर्मन घोकायचो. बी-१ पास झालो, परवाना वेळेवर मिळाला. कार्ड घेऊन घरी आलो तर बायको टेबलाशी व्याकरणाचं पुस्तक उघडून बसली होती. त्यात क्रियापदांच्या तक्त्यावर तिने पेन्सिलीने इतक्या खुणा केल्या होत्या की मूळ अक्षरं दिसत नव्हती. तिने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, मनापासून अभिनंदन केलं आणि विचारलं, “आता पुढे काय?” मला उत्तर देता आलं नाही. ती फिजिओथेरपिस्ट. पावणेदोन वर्षांत तिने एकाही पेशंटला हात लावला नव्हता, आणि माझ्या कागदावर तिच्याबद्दल एक ओळही नव्हती.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, यादी बाजूला ठेवा. पाच वर्षांनंतरचा एक साधा मंगळवार लिहून काढा. सणवार नको, सुट्टी नको, कामाचाच दिवस. सकाळी घरात कोण आहे? तुम्ही नेमकं काय काम करताय: कोड लिहिताय, की दिवसभर मीटिंगा घेताय? संध्याकाळी किती वाजता घरी येता, आल्यावर कोणाशी बोलता, कोणत्या भाषेत? आई-वडिलांशी फोनवर बोलताय की ते शेजारच्या खोलीत आहेत? बायको कुठे आहे आणि दमून आली असेल तर कशाने दमली आहे? हे लिहायला बसलात की ‘टीम लीड’ आपल्याला हवंय की चुलतभावाला मिळालं म्हणून यादीत आलंय, ते आपोआप कळेल. मला स्वतःला ते लिहिल्यावर कळलं की माणसं सांभाळण्यापेक्षा प्रश्न सोडवण्यात माझा जीव रमतो. पुढे चालून आलेलं मॅनेजरपद मी नाकारलं. घरच्यांना ते पटायला बराच वेळ लागला, पण माझा मंगळवार वाचला.

एवढं झालं की मग इथले नियम समोर घ्या आणि त्या दिवसापासून मागे मागे येत आखणी करा. बी-१ असेल तर पीआर आजही २१ महिन्यांत मिळते. ए-१ वाल्यांची मुदत आता २७ महिने झाली आहे. नागरिकत्व साधारण पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर, त्यालाही बी-१ लागतं आणि ३३ प्रश्नांची एक परीक्षा असते, त्यात १७ बरोबर आले की झालं. जून २०२४ पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, पण भारत घेत नाही. पासपोर्ट परत करावा लागेल, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) मिळेल, त्यावर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमच्या मंगळवारात पुढे परत जाऊन शेती बघणं असेल, तर नागरिकत्व हे ध्येय तिथेच तपासून पाहा.

पहिले सहा महिने बहुतेक करारांत प्रोबेशनचे असतात आणि दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. त्या काळात घराचं कर्ज वगैरे मनातही आणू नका. नोकरी नीट करा, भाषेचा क्लास लावा, बस्स.

आई-वडिलांचं मात्र आत्ताच बोला. ज्यांना ब्लू कार्डासारखा कामाचा परवाना १ मार्च २०२४ला किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळाला, त्यांना आई-वडिलांना राहायला आणण्यासाठी अर्ज करता येतो. मी त्याआधी आलो, त्यामुळे मला तो मार्ग नाही, तुम्हाला आहे. पण त्यांचा खर्च आणि पूर्ण आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि उतारवयात तो विमा मिळवणं हीच खरी अडचण आहे. शिवाय त्यांना यायचंय का, हे कोणी विचारलंय का? माझ्या वडिलांना मी गृहीत धरलं होतं. विचारल्यावर ते सरळ म्हणाले, “तू वर्षातून एकदा महिनाभर ये, मला तेवढं पुरे.” तेव्हापासून तो एक महिना माझ्या आखणीत पहिला लिहिला जातो, बाकीचं त्याच्याभोवती बसवतो.

आता तुमचं ते शेवटचं वाक्य. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर नोकरीची मुभा असते. हे वाचून आम्ही निर्धास्त झालो आणि तिथेच चुकलो. परवान्यावर नोकरीची मुभा असणं वेगळं आणि आपल्याच व्यवसायात काम करता येणं वेगळं. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांना इथे आधी पदवीची मान्यता घ्यावी लागते. ज्या राज्यात काम करायचं तिथलं कार्यालय अभ्यासक्रम तपासतं, फरक निघाला तर प्रशिक्षण किंवा परीक्षा, आणि भाषा फिजिओथेरपीला साधारण बी-२ (बी-१ च्या वरची पातळी), डॉक्टरांना त्याहून वरची. आम्ही इथे आल्यावर कॉलेजकडून विषयवार तासांचा हिशोब मागवला. तो कागद यायलाच सात महिने गेले. निघण्याआधी ती स्वतः कॉलेजात जाऊन बसली असती तर आठवड्याचं काम होतं. आज ती पुन्हा पेशंट बघते, पण मधली चार वर्षं तिची गेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा एक करा. मंगळवार दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा, एकमेकांचा न बघता, आणि मग समोरासमोर ठेवा. जिथे जुळत नाही तिथे विमानात बसण्याआधी बोला. दर सहा महिन्यांनी तेच कागद पुन्हा काढा. आमच्या कागदावर आता तिच्या अक्षरातल्या ओळी माझ्यापेक्षा जास्त आहेत.

तिची पदवी कोणती आणि ती आत्ता काय काम करते, ते कळवा. मान्यता लागणारा व्यवसाय असेल तर कॉलेजातून कोणते कागद आणायचे ते मी सविस्तर लिहितो. तुमच्या नोटीस पीरियडमध्ये ते होऊन जातील.