गोठलेल्या लाव्ह्याच्या काठापर्यंत

प्रश्न : आमचे कुटुंब नियमितपणे गडकिल्ल्यांची भटकंती करते. येत्या जूनमध्ये आइसलँडला जाणार आहोत. अलीकडे उद्रेक झालेला ज्वालामुखी पायी जाऊन जवळून पाहावा, अशी आमच्या दहा वर्षांच्या मुलीची इच्छा आहे. ते सुरक्षित ठरेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : थांबलेल्या उद्रेकाचा लाव्हा पाहायचा असेल, तर मुलीला जरूर न्यावे, उद्रेक सुरू असेल, तर तिला घेऊन जाऊ नये. आइसलँडच्या नैऋत्य टोकाच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर सुमारे 800 वर्षांच्या शांततेनंतर 19 मार्च 2021 रोजी फाग्रादाल्सफ्यात्ल डोंगराजवळ जमीन फाटली आणि सप्टेंबरपर्यंत लाव्हा वाहत राहिला. ऑगस्ट 2022 आणि जुलै 2023 मध्ये जवळच आणखी दोन उद्रेक झाले. पैकी 2022 मध्ये तेथील प्रशासनाने बारा वर्षांखालील मुलांना तिकडे जाण्यास मनाई केली होती. उद्रेकातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने वारा पडला की सखल भागात साचतो, त्याला वासही नसतो, आणि मुलांचे नाक मोठ्यांपेक्षा जमिनीच्या अधिक जवळ असते, हे लक्षात घेता ती मनाई मुळीच जाचक वाटत नाही.

2023 च्या विवरापर्यंतची वाट जाऊन-येऊन सुमारे 20 किलोमीटरची आहे. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण बोचरा वारा, पाऊस आणि धुके मिळून तेथील जून आपल्याकडच्या जूनपेक्षा फार निराळा असतो. मुलीसोबत 2021 चा लाव्हाच पाहावा. दक्षिण किनाऱ्याच्या रस्त्यालगत गाडी उभी करून थोडे चालले, की नात्थागी खोऱ्यात उतरलेल्या काळ्या लाव्ह्याची कड समोर येते. नोव्हेंबर 2023 मध्ये रिकामे करावे लागलेले ग्रिंडाविक गाव आणि त्याच्या उत्तरेची भेगांची रांग हे प्रकरण वेगळे आहे. तिथे डिसेंबर 2023 ते ऑगस्ट 2025 या काळात नऊ उद्रेक झाले, म्हणून तो भाग बेतातून वगळावा. निघण्याच्या दिवशी सकाळी तेथील हवामान खात्याची सूचना अवश्य वाचावी.

लाव्ह्यावर मात्र पाऊल ठेवू नये. वरचे कवच थंड दिसले तरी बेसॉल्टमधून, म्हणजे हा लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकातून, उष्णता फार सावकाश बाहेर पडते, त्यामुळे जाड थराचा गाभा वर्षानुवर्षे तापलेला राहतो. शिवाय कवचाखाली पोकळ्या असतात आणि वरचा काचेसारखा पापुद्रा तळहात सहज कापतो.

काठावरूनच मुलीला दगडातील बारीक भोके दाखवावीत. ती वायूच्या बुडबुड्यांची आहेत. आपला सह्याद्रीही अशाच बेसॉल्टचा, पण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यामुळे आपल्याकडील भोकांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक भरलेले आढळतात, तिथली अजून रिकामी आहेत.