माझ्या सशाचं वजन खूप कमी झालंय, वाढवायला काय खायला द्यावं?

तुम्ही लिहिलंय की ससा दीड वर्षाचा आहे, दिवाळीला १ किलो ८०० ग्रॅम होता आणि आता १ किलो ४५० वर आलाय, वाटी ठेवली की धावत येतो पण अंगाला काही लागत नाही, म्हणून भिजवलेले चणे, पोळी आणि केळं सुरू करू का. आधी तेवढंच सांगते, प्लीज नका करू. जवळजवळ पाचवा हिस्सा वजन गेलंय त्याचं. ६० किलोच्या माणसाचं १२ किलो वजन असं काही न करता उतरलं तर आपण त्याला लाडू खायला घालत बसणार नाही, आधी डॉक्टरकडे नेणार. सशाचंही तेच. तो बारीक झालाय म्हणजे काहीतरी त्याला खाऊ देत नाहीये किंवा खाल्लेलं पचू देत नाहीये, ते सापडल्याशिवाय वरून कितीही भरलं तरी उपयोग नाही, उलट पोट बिघडेल.

मला तुमच्या प्रश्नातलं 'धावत येतो' हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण आमच्या सशाचं, गोट्याचं, अगदी असंच होतं. भूक लागलेली असायची, मेथीची काडी उचलायचा, दोनदा चावायचा, मग मान एका बाजूला वाकडी करायचा आणि काडी तोंडातून खाली पडायची, परत दुसरी उचलायची, परत तेच. वाटीभोवती अर्धवट चावलेली ओली पानं पडलेली असायची आणि हनुवटीखालचे केस कायम चिकट. पुढचे दात एकदम सरळ छान होते. डॉक्टरांनी कान तपासायच्या यंत्राची नळी तोंडात घालून मागच्या दाढा बघितल्या तेव्हा खालच्या दाढेला जिभेच्या बाजूने टोक आलेलं दिसलं, जिभेवर जखम होती. सशाचे सगळे दात, दाढासुद्धा, आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर किंवा जास्तच, आणि ते झिजतात मुख्यतः गवत तासन् तास रवंथल्यासारखं चावत राहिल्याने. गवत कमी पडलं की दाढेची एक कड झिजायची राहते, खालच्या दाढेचं टोक जिभेला टोचतं, वरच्या दाढेचं गालाला. बाहेरून काहीही दिसत नाही, कारण सशाचं तोंड उघडतंच इतकं थोडं. म्हणून पहिलं काम दाढा तपासून घेणं, आणि टोकं निघालीच तर ती भूल देऊन मशीनने घासतात, नेलकटरने दात तोडू नका आणि कुणाला तोडूही देऊ नका, दात उभा चिरतो. भुलेच्या आधी कुणी रात्रभर उपाशी ठेवा म्हणालं तर परत विचारा, सशाला उलटी होत नाही त्यामुळे कुत्र्या-मांजरासारखं उपाशी ठेवायची गरज नसते आणि उपास त्याला बाधतो.

दाढा ठीक निघाल्या तर ताज्या लेंड्या तपासायला द्या. कॉक्सिडिया नावाचे जंतू सशांमध्ये खूप असतात, विशेषतः बाजारातून आणलेल्या पिल्लांमध्ये, पोट सुटतं आणि पाठीचं हाड वर येतं. नाकावर, कानाच्या कडेला, पंजांवर पांढरट खपल्या असतील तर ती खरूज, तीही सशाला पोखरून टाकते, औषधाने बरी होते पण घरच्यांनाही खाज लागू शकते म्हणून थांबू नका. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, कुत्र्यासाठीचं फिप्रोनिलचं पिसवांचं औषध सशाला लावू नका आणि घरातलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडाने देऊ नका, दोन्हीने ससे मेलेत. पाणी खूप पीत असेल तर किडनीसाठी रक्त तपासायला सांगा. आणि मे महिन्यातलं ऊनही धरा हिशोबात, ३० डिग्रीच्या वर गेलं की बरेच ससे खाणंच कमी करतात, त्याला घरातल्या सगळ्यात गार फरशीवर हलवा, बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, पाणी बाटलीऐवजी जड वाटीत द्या, वाटीतून ते जास्त पितात.

आता चणे-पोळी का नको ते. सशाचं खरं पचन मागच्या मोठ्या आतड्याच्या पिशवीत होतं, तिथले जंतू गवताच्या चोथ्यावर जगतात. स्टार्च आणि साखर जास्त गेली की तिथे भलतेच जंतू वाढतात, गॅस होतो, जुलाब होतात, आणि आधीच अशक्त ससा एका रात्रीत जाऊ शकतो. घोसात चिकटलेल्या मऊ चकचकीत लेंड्या तो स्वतः खातो, ते बघून घाबरू नका, त्यातूनच त्याला प्रोटीन आणि बी व्हिटॅमिन मिळतं, पण त्या खाली पडून राहिलेल्या दिसल्या तर समजा खाणं जास्त पौष्टिक आणि कमी चोथ्याचं होतंय किंवा त्याला वाकून तिथपर्यंत पोचता येत नाहीये.

मग वजन वाढवायचं कशाने, तर गवतानेच. दिवसरात्र, त्याच्या अंगाएवढा ढीग समोर असला पाहिजे. टिमोथी नावाचं सशांसाठीचं वाळलेलं गवत ऑनलाइन मिळतं पण महाग पडतं हे मला माहितीये, आम्ही निम्मं टिमोथी आणि निम्म्या दूर्वा असं करतो. दूर्वा फुलवाल्याकडून घेत असाल तर जुडी सोडून दोन-तीन पाण्यांतून धुवा, कुंकू लागलेल्या किंवा पिवळ्या पडलेल्या नकोत, सावलीत पसरून वाळवल्या तर बरेच दिवस टिकतात, बंद पिशवीत ओल्या ठेवल्या तर आंबतात आणि त्या सशाला अजिबात देऊ नका. सोसायटीच्या लॉनवरचं मशीनने कापलेलं गवतही नको, तेही लगेच आंबतं. कोवळी हिरवी ज्वारी तर नकोच नको, त्यात सायनाइड तयार होतं, शेतकरी गुरांनासुद्धा खाऊ देत नाहीत.

वजन भरून येईपर्यंत लसूणघास उपयोगी पडतो. शेळ्यांचा चारा विकणाऱ्यांकडे हिरवा मिळतो, प्रोटीन भरपूर. पण कॅल्शियमही भरपूर असतं म्हणून मोठ्या सशाला रोजचं मुख्य खाणं म्हणून नाही, एकूण गवताच्या पाव हिश्शापर्यंत द्या, वजन आलं की बंद करा, आणि किडनीचा किंवा लघवीत खर येण्याचा त्रास असेल तर घेऊच नका. पेलेट्स, म्हणजे सशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या, सशाच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण २५ ग्रॅम, पाकिटावर फायबर १८ टक्क्यांच्या वर आहे ना बघा, मांसासाठी वाढवायच्या सशांचं खाद्य स्वस्त मिळतं पण त्यात चोथा खूपच कमी असतो. रंगीत दाणे, सुकी फळं मिसळलेलं मिक्स घेऊ नका, तो गोड तेवढं निवडून खाईल. मेथी, कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला रोज आलटून पालटून द्या. पालक अधूनमधून. केळ्याचा पातळ काप औषध देताना आमिष म्हणून ठीक, जेवण म्हणून नाही. साधे ओट्स एखादा चमचा डॉक्टर हो म्हणाले तर. आणि काहीही नवीन असेल ते आठवडा-दीड आठवड्यात हळूहळू वाढवत न्या, एकदम नाही.

वजन रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे, पण सकाळी खायच्या आधी आणि त्याच काट्यावर. प्लास्टिकची टोपली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, मग ससा आत. काटा हलत राहतो, थोडा वेळ कपाळावर हात ठेवला की शांत होतो. आकडा लिहून ठेवा आणि सोबत पाठीवरून हात फिरवून बघा, कारण लांब केसांमुळे डोळ्यांना फसवणूक होते. मणके बोटांना टोचत असतील आणि माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना खळगे लागत असतील तर अजून बराच पल्ला आहे.

तो स्वतःहून कमी खात असेल तर डॉक्टर सिरिंजने भरवायला सांगतील. क्रिटिकल केअर ही आजारी सशांना भरवायची तयार पावडर मिळाली तर उत्तम, नाही तर त्याचेच पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून गाळून पातळ करा. पाठीवर उलटा झोपवून कधीच भरवू नका, श्वासनलिकेत जातं. टॉवेलात गुंडाळून चारी पायांवर बसवा, पुढच्या दातांच्या मागे बाजूने सिरिंज घालून अर्धा-एक मिली सोडा, तो चावून गिळेल, मग पुढचं. पोट टणक फुगलेलं असेल तर भरवू नका, आधी डॉक्टर. आणि १० ते १२ तास काहीही खाल्लं नाही, लेंड्या बंद झाल्या, तर ती इमर्जन्सी आहे, उद्या सकाळी बघू असं करू नका.

डॉक्टर निवडताना फोनवरच विचारा की ससे बघता का, दाढा तपासता का. तुम्ही मुंबईत असाल तर परळचं बाई साकरबाई हे प्राण्यांचं हॉस्पिटल आहे, साताऱ्याकडे शिरवळचं पशुवैद्यकीय कॉलेज, विदर्भात नागपूरचं. जाताना ताज्या लेंड्या डबीत, वजनाची वही आणि खाद्याच्या पाकिटाचा फोटो सोबत घ्या, आणि कॅरियरमध्ये त्याच्यासाठी मूठभर मेथी टाका, वाटेत खाल्ली की तोंडातून पडली हे डॉक्टरांना नक्की सांगा.