एक घर, चार गल्ले : कौटुंबिक हॉटेल व्यवसायाविषयी प्रश्नोत्तरे

एकाच शहरात एकाच कुटुंबाने वेगवेगळ्या धाटणीची उपाहारगृहे चालवावीत का आणि कशी, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. हॉटेल चालवणाऱ्या कुटुंबांचे हिशेब आणि करारमदार मी २२ वर्षे पाहत आलो आहे. त्या अनुभवातून जे पटले, तेच येथे लिहीत आहे.

प्रश्न : कोल्हापुरात आमच्या वडिलांनी सुरू केलेल्या मटण-खानावळीला ३१ वर्षे झाली. मला शाकाहारी थाळीचे भोजनगृह काढायचे आहे आणि धाकट्या भावाला कॅफे. आपलेच गिऱ्हाईक आपणच वाटून घेऊ, अशी आईला भीती वाटते. तिचे म्हणणे बरोबर आहे का?

आईंची भीती रास्त आहे. एकाच पेठेत, एकाच वेळी, एकाच भुकेसाठी दोन दारे उघडली तर ती खरी ठरते. ती टाळायची असेल तर पदार्थांची यादी बाजूला ठेवून आधी घड्याळ आणि पंचांग समोर घ्या.

मुंबईतल्या माटुंग्याच्या ए. रामा नायक यांच्या घराण्याकडे पाहा. १९३६ मध्ये म्हैसूर कॅफे, १९४२ मध्ये माटुंगा स्थानकालगत उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आणि पुढच्या पिढ्यांच्या काळात इडली हाउस, अशी या घराची ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कॅफेत माणूस डोसा आणि कॉफी घेऊन कामाला निघतो. बोर्डिंगात तो सवड काढून, भूक राखून, केळीच्या पानावर पूर्ण जेवायला येतो. इडली हाउसमध्ये इडलीचेच नाना प्रकार मिळतात आणि त्यासाठीच लोक तेथे जातात. तांदूळ, उडीद, नारळ आणि सांबार यांची विद्या तिन्हीकडे एकच. वेळ, भूक आणि खिसा मात्र वेगळा. सकाळी कॅफेत आलेला माणूस दुपारी बोर्डिंगात जेवला, तर घराचे काहीच जात नाही.

आता तुमच्याकडे वळू. श्रावणात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी, एकादशी-संकष्टीला आणि सोमवारी मटण-खानावळीचा गल्ला बसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. नेमक्या त्याच दिवशी शाकाहारी भोजनगृह भरते. म्हणजे तुमची कल्पना खानावळीची स्पर्धक नसून तिच्या रिकाम्या दिवसांची भरपाई आहे. सुके खोबरे, तीळ, खसखस आणि कांदा-लसूण चटणीवर तुमच्या घराचा जो हात बसला आहे, तो आख्खा मसूर, भरले वांगे आणि झुणक्यालाही उपयोगी पडेल. मात्र भटारखाना, भांडी आणि येण्याजाण्याचे दार पूर्ण वेगळे ठेवा. शाकाहारी कुटुंबाला शेजारच्या पातेल्याचा वास आला तर ते दुसऱ्यांदा येणार नाही.

जागा घेण्यापूर्वी एक काम करा. २१ दिवस गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि तीत प्रत्येक टेबलाची वेळ, माणसे व बिल तर लिहाच, पण न जेवता उठून गेलेले टेबल का उठले, हेही लिहा. साताऱ्याकडच्या एका खानावळीत मी अशी वही ठेवायला लावली, तेव्हा मालकांना पहिल्यांदाच कळले की, चौघांत एक जण शाकाहारी असला की चौघेही उठून जातात. इतकी वर्षे ती माणसे त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून जात होती.

धाकट्या भावाच्या कॅफेची घाई करू नका. त्याला आधी सहा महिने दुसऱ्याच्या कॅफेत नोकरी करू द्या, कारण खानावळीच्या कामाचा आणि कॉफीच्या यंत्रावरच्या हाताचा काही संबंध नाही. भोजनगृह उघडल्यापासून एका श्रावणापासून दुसऱ्या श्रावणापर्यंतचा पूर्ण हिशेब हाती आल्याशिवाय तिसऱ्या जागेची अनामत भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : नाशिकमध्ये आमचे मिसळीचे, दाक्षिणात्य नाश्त्याचे आणि चायनीजचे अशी तीन ठिकाणे आहेत. तिघांसाठी एकच मोठा भटारखाना केला तर खर्च वाचेल का?

काही कामांपुरता वाचेल. वाटणे, मसाले, दळण, चिरलेली भाजी, भिजवून मोड आणलेली मटकी आणि डोशाचे पीठ ही कामे एका जागी केल्यास माल एकत्र घेता येतो, नासाडी कमी होते आणि चव स्थिर राहते. पण फोडणी, तळण, डोसा आणि कढईतला भात ज्याच्या त्याच्या जागेवरच झाला पाहिजे. या पदार्थांचे आयुष्य काही मिनिटांचे असते आणि टेंपोत ते संपून जाते.

मिसळीचा कट एका जागी करून पाठवणार असाल तर त्याच्या तापमानाची फार काळजी घ्या. ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान अन्नातले जंतू झपाट्याने वाढतात. रस्सा एकतर ६० अंशांच्या वर गरम राहिला पाहिजे, नाहीतर पसरट भांड्यांत ओतून लवकर थंड करून ५ अंशांच्या खाली गेला पाहिजे. खोल पातेल्यात झाकून ठेवलेला रस्सा वरून निवलेला दिसतो, पण मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो. मे महिन्यात एका कुटुंबाच्या भटारखान्यातून निघालेला पिठाचा टेंपो उघडताना मी शेजारी उभा होतो. तीन डब्यांची झाकणे उचलली गेली होती, पीठ कडांवरून ओघळून फळीवर वाळले होते आणि त्या दिवशीचा प्रत्येक डोसा आंबट निघाला. चूक कोणाची म्हणून तिथे बराच वेळ वाद चालला. खरे तर पीठ रात्रीच शीतकपाटात जायला हवे होते.

भटारखान्याची जागा वेगळी असेल तर तिच्यासाठी एफएसएसएआयचा (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) स्वतंत्र परवाना लागतो, कारण हा परवाना जागेनिहाय असतो.

आणखी एक गोष्ट, जी परवान्याइतकीच महत्त्वाची आहे. वस्तादाच्या हातातले माप कागदावर आणल्याशिवाय एकत्र भटारखाना करू नका. ‘मीठ किती घालता?’ असे विचारले तर तो ‘अंदाजाने’ म्हणेल, आणि ते खरेच असते. म्हणून स्वयंपाकाआधी मिठाचा, तिखटाचा आणि तेलाचा डबा तोलून ठेवा, स्वयंपाक झाल्यावर पुन्हा तोला. असे आठ-दहा दिवस केले की त्याचे माप ग्रॅममध्ये मिळते. हे काम त्याच्या संमतीने, त्याचा मान राखून करा. आयुष्यभराची विद्या तो तुमच्या स्वाधीन करत असतो.

प्रश्न : लग्न होऊन पुण्यात आल्यापासून, म्हणजे १४ वर्षे, आमच्या तीन हॉटेलांपैकी एकाचा भटारखाना मी सांभाळते. सासरे आणि दोन दीर भागीदार आहेत. माझे नाव कुठेच नाही. लागतील तसे पैसे सगळेच गल्ल्यातून घेतात. बोलले तर ‘घरातच तर आहे’ असे उत्तर मिळते. मी काय करावे?

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. अशा स्त्रिया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पहाटे दूध उतरवून घेण्यापासून रात्री भट्टी विझेपर्यंत त्या उभ्या असतात आणि वाटणीच्या बैठकीत मात्र त्यांना चहा करायला आत पाठवले जाते. हे अन्यायाचे आहे आणि व्यवसायाच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे, कारण ज्या भटारखान्यावर गिऱ्हाईक टिकून आहे, त्याच्या जबाबदार व्यक्तीचा कागदोपत्री पत्ताच नाही.

सासऱ्यांपुढे हा विषय हक्काच्या भांडणातून न मांडता हिशेबातून मांडा. आज तिन्ही हॉटेलांपैकी कोणते कमावते आणि कोणते दुसऱ्यांच्या जिवावर चालते, हे घरात कोणालाच ठाऊक नसेल, कारण गल्ल्यातून उचललेले पैसे आणि न लिहिलेली मेहनत दोन्ही हिशेबाबाहेर आहेत. प्रत्येक ठिकाणचा गल्ला रोज रात्री मोजून दुसऱ्या दिवशी पूर्णच्या पूर्ण बँकेत भरायचा आणि घरातल्या प्रत्येक काम करणाऱ्याला ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार द्यायचा, एवढा एकच नियम आधी मान्य करून घ्या. तुमचा पगार तुमच्याच खात्यात जमा झाला पाहिजे.

त्यानंतर भागीदारीच्या कराराकडे वळा. तुम्हाला भागीदार करून घेतले तर काम करणाऱ्या भागीदाराचा मोबदला करारात लिहिलेला असावा लागतो; तो लिहिलेला असेल तरच आयकरात ठरलेल्या मर्यादेपर्यंत खर्च म्हणून धरता येतो. भागीदार झाल्यावर फर्मच्या कर्जाची जबाबदारीही तुमच्यावर येते, म्हणून सही करण्यापूर्वी कर्जाची कागदपत्रे वाचून घ्या. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळे लिहिले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. सासऱ्यांचे वय लक्षात घेता हे कलम आजच पाहणे सर्वांच्याच हिताचे आहे. फर्मची नोंदणी झाली आहे का, तेही तपासा. नोंदणी नसलेल्या फर्मला कराराच्या हक्कासाठी बाहेरच्यावर सहसा दावा लावता येत नाही, आणि भागीदारालाही फर्मविरुद्ध करारातले हक्क मागणे अवघड होते.

बोलणी चालू असताना तुमच्या कामाची नोंद ठेवा : खरेदीच्या पावत्या, पुरवठादारांशी झालेले संदेश, कामगारांच्या हजेरीची वही. घरात कोणाचा एकाचा शब्द सासरे मानत असतील, तर पहिले बोलणे त्यांच्या उपस्थितीत व्हावे. तरीही नकारच आला, तर स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्या; फर्मचे वकील फर्मचे काम पाहतात, तुमचे नाही.

प्रश्न : ठाण्यात आजोबांच्या नावाने आमची चार हॉटेले आहेत. चुलत भावांशी वाटणी ठरत आहे. नाव कोणाकडे राहील?

आधी नावाची नोंदणी कोणाच्या नावे आहे, ते पाहा. उपाहारगृहाच्या सेवेसाठी व्यापारचिन्हाची (ट्रेडमार्कची) नोंदणी वर्ग ४३ मध्ये होते, मसाले आणि पिठांसाठी वर्ग ३० मध्ये, आणि ती दर १० वर्षांनी नूतन करावी लागते. एकाच काकांच्या नावे नोंदणी असेल, तर वाटणीपत्रात तिचा स्वतंत्र उल्लेख करून घ्या.

हल्दीराम या नावावरून त्या घराण्याच्या दिल्ली आणि कोलकात्याच्या शाखांमध्ये वर्षानुवर्षे कोर्टकज्जे झाले. उलट बंगळूरच्या एमटीआर (मवळ्ळी टिफिन रूम) या उपाहारगृहाचे पाहा. १९२४ मध्ये मैय्या बंधूंनी सुरू केलेल्या या घराचा पाकीटबंद पदार्थांचा व्यवसाय २००७ मध्ये नॉर्वेच्या ऑर्क्ला कंपनीला विकला गेला, पण उपाहारगृहे कुटुंबाकडेच राहिली. पाकिटावरचे नाव आणि पाटीवरचे नाव हे दोन वेगळे हक्क आहेत. तुमच्या वाटणीपत्रातही ते वेगळे लिहा. प्रत्येक शाखेने नावापुढे काय जोडायचे, नवे हॉटेल कोणत्या भागात काढायचे नाही आणि घरचा मसाला कोणी विकायचा, या तिन्ही गोष्टी त्यात असाव्यात.

प्रश्न : जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत राहण्यासाठी प्रत्येक हॉटेल वेगळे दाखवावे का?

कंपोझिशन म्हणजे लहान व्यावसायिकाने उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोपी योजना. तीत एकाच पॅनखालील सर्व ठिकाणांची उलाढाल एकत्र धरली जाते आणि महाराष्ट्रात या योजनेची मर्यादा दीड कोटी रुपये आहे; त्यामुळे केवळ पाट्या वेगळ्या असून उपयोग नाही. फक्त कर वाचवण्यासाठी कागदोपत्री फर्मा उभ्या केल्यास त्या एकच ठरवल्या जाण्याचा धोका आहे. शिवाय फायदाही मोठा नाही. कंपोझिशनमध्ये ५ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरावा लागतो आणि तो बिलात वेगळा लावता येत नाही. साध्या उपाहारगृहाला नियमित नोंदणीतही ५ टक्केच दर आहे, खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, पण तो कर बिलात लावून गिऱ्हाइकाकडून घेता येतो.