थ्रोइंग नाइफ (सुरी फेकून निशाण्यात रुतवणं) शिकायचंय, बजेट हजार-दीड हजार. ऑनलाइन दिसणारा सहा सुऱ्यांचा काळा सेट घेऊ का?

नका घेऊ. फोटोत तो झकास दिसतो, पण सहा इंच लांब आणि ३ मिमी जाड सुरी जेमतेम ८०-९० ग्रॅम भरते. मनगटाला जरासा झटका बसला की ती गरागरा फिरते आणि लाकडावर आडवी आपटते.

नवशिक्याला लांब आणि जड सुरीच सोपी जाते, कारण ती सावकाश पलटी खाते. एकूण लांबी ११-१२ इंच, वजन २५० ग्रॅम किंवा थोडं वर, जाडी निदान ४ मिमी. धार नकोच, टोक हवं. तेही सुईसारखं नको, लगेच वाकतं. मूठ पात्याच्याच सलग पट्टीची असावी. मुठीवर लावलेल्या लाकडी फळ्या, स्क्रू, गुंडाळलेली दोरी यातलं काही टिकत नाही, कारण आधी रुतलेल्या सुरीवर पुढची येऊन आदळणारच. घरातली भाजीची सुरी तर अजिबात फेकू नका. पातळ, कडक पातं तुटलं तर तुकडा कुठे उडेल याचा नेम नाही.

सहा कशाला, तीन पुरे. पण तिन्ही अगदी सारख्या हव्यात. सुरी रुतल्यावर मूठ वर उचललेली दिसली तर ती जास्त फिरलीय, अर्धं पाऊल पुढे या. मूठ खाली लोंबत असेल तर मागे सरका. तीन सुऱ्या तीन वजनांच्या असतील तर हे कळायचंच नाही.

माझ्या मते तुमच्या बजेटमध्ये सगळ्यात चांगला सौदा म्हणजे लेझर कटिंगवाल्याकडून ५ मिमी एमएस (माइल्ड स्टील, साधं मऊ पोलाद) प्लेटमधून एकाच ड्रॉइंगवर तीन कापून घेणं. ३० सेंमी लांब, ३ सेंमी रुंद पट्टी टोक काढल्यावर तीनशे ग्रॅमच्या आसपास येते. एमएस मऊ असतं, त्यामुळे टोक बोथट होईल, पण कानस मारली की झालं. कोयते करणारा लोहार ओळखीचा असेल तर तो गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यातूनही करून देईल. फक्त कडक पाणी देऊ नको (तापवून बुडवून फार कडक करू नको) म्हणावं, नाहीतर टोक तुटतं. रोज फेकून झालं की कडांवरून कानस फिरवा. आपटून आपटून उभे राहिलेले बारीक काटे बोटं सोलतात.

उरलेले पैसे निशाण्याच्या ओंडक्यावर घाला. वखारीतून आंब्याचा किंवा सावरीचा जाड ओंडका आडवा कापून आणा आणि वलयं दिसतात ती बाजू समोर ठेवा. फळीपेक्षा त्यात टोक सहज रुततं. मागे भिंत किंवा जाड गोणपाट, बाजूला कोणी नाही, पायात बूट. सुरी उसळून मागे येते, त्यामुळे बघायला आलेल्यांना तुमच्याही बरंच मागे उभं करा.

पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद करू नका, शस्त्र कायद्याच्या यादीत तीच मर्यादा आहे. शिवाय शहरांत पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेश वरचेवर निघतात, तेव्हा सुऱ्या बॅगेत किंवा डिकीत घेऊन हिंडू नका. स्वतःच्या आवारात फेका, कुलपात ठेवा.