वाचकांचे प्रश्न : अलिबाग हे शहर कसे घडले?

प्रश्न : आम्ही वर्षातून एकदा तरी अलिबागला जातो, परंतु किनारा, मासे आणि मांडव्याहून सुटणारी परतीची बोट यांपलीकडे त्या शहराची ओळख आम्हाला झालेली नाही. ‘अलिबाग से आया है क्या?’ असे म्हणून ज्या गावाला आपण सहज अडाणी ठरवतो, ते मुळात वसले कसे? आणि कुलाबा किल्ल्यात पायी जायचे असेल, तर ओहोटीची वेळ घरबसल्या कशी काढावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तो वाक्प्रचार अलिबागकरांना किती लागतो, हे यावरून कळावे की त्यावर बंदी घालावी म्हणून २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. न्यायालयाने ती फेटाळली, परंतु त्यामागची खंत मला रास्त वाटते; कारण हे गाव एके काळी एका आरमारी सत्तेचे ठाणे होते.

शिवाजी महाराजांनी १६८० साली अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्याचे काम सुरू करविले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. पुढे सरखेल, म्हणजे मराठा आरमाराचे प्रमुख, कान्होजी आंग्रे यांनी येथून कोकणच्या समुद्रावर असा वचक बसविला, की १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन केलेली चढाईसुद्धा फसली. किल्ल्याच्या तटाजवळ उभे राहून पाहिल्यास मोठमोठे चिरे चुना न भरता नुसते एकावर एक रचलेले दिसतात. लाटेचे पाणी फटींत शिरते, तिचा जोर ओसरतो आणि तट टिकून राहतो. चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफांना मात्र आंग्र्यांच्या तोफा समजू नये, कारण त्यांच्यावर लो मूर या इंग्लंडमधील लोहकारखान्याचे नाव कोरलेले आहे. कान्होजींनी किनाऱ्यावर बांधलेल्या हिराकोटात पुढे तुरुंग आला. १८४० साली आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले, तरी कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणून अलिबागचा कारभारी बाज टिकला आणि १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाल्यावरही कचेऱ्या येथेच राहिल्या.

गावाचे नाव अली नावाच्या एका धनिकाच्या बागांवरून पडले, असे सांगतात. तो मुसलमान होता की बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील ज्यू, याविषयी दोन परंपरा आहेत. परंतु दुसरी परंपरा निर्माण व्हावी इतका बेने इस्रायली समाज येथे मुरलेला होता. त्यांचे पूर्वज जवळच्या नवगावला किनाऱ्याला लागले, असे ते मानतात. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, आणि त्यांची बोली मराठीच होती. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. इस्रायल आळी हे नाव आणि तेथील सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, मात्र अजून आहे.

आता ज्या गोष्टीसाठी अलिबागचे नाव जगभरच्या भूभौतिकशास्त्रज्ञांना ठाऊक आहे, तिच्याकडे वळतो. मुंबईतील कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी चालू होती. शहरात विजेच्या ट्राम येणार, असे ठरल्यावर त्या प्रवाहामुळे संवेदनशील उपकरणांची नोंद बिघडेल, हे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी ओळखले आणि १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. कोकणातल्या काळ्या दगडातच चुंबकीय खनिजे असतात, म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणण्यात आला. पुढची दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी करून जुन्या नोंदींचा नव्यांशी मेळ घालण्यात आला, त्यामुळे ही मालिका तुटली नाही. एका कुलाब्याचे काम दुसऱ्या कुलाब्याने पुढे चालवले, असा हा योग आहे. किनाऱ्याकडे जाणाऱ्या पर्यटकांपैकी फार थोडे त्या आवाराकडे मान वळवून पाहतात, याचे मला वाईट वाटते.

शेतीविषयी एवढेच सांगतो, की कार्ले, खंडाळे या परिसरातील पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वेणीसारख्या विणलेल्या त्याच्या माळा उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला टांगलेल्या दिसतात.

राहिला ओहोटीचा प्रश्न. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करतात : तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास अलीकडे, सकाळी सव्वाआठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. ही मोजणी प्रतिपदेपासून दोन्ही पक्षांत सारखीच लागू पडते. अमावास्या आणि पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत पाणी सर्वांत दूर जाते, म्हणून द्वितीया किंवा तृतीयेची सकाळ निवडावी. हा हिशेब अंदाजाचा आहे. पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी घोडागाडीवाल्यांना वेळ विचारावी आणि पाणी चढू लागण्याआधी किल्ल्यातून निघावे.