न्यू ऑर्लिन्सच्या उठावावर लिहिताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

१४ सप्टेंबर १८७४ च्या उठावावरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. घटनाक्रम नेमका आहे: १८७२ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर लुइझियानात दोन गव्हर्नर दावा सांगू लागले, वॉशिंग्टनने रिपब्लिकन विल्यम पिट केलॉग यांना मान्यता दिली, आणि डेमोक्रॅट जॉन मॅकेनरी यांच्या बाजूने 'व्हाइट लीग' या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेचे सुमारे ५,००० सशस्त्र लोक न्यू ऑर्लिन्समध्ये रस्त्यावर उतरले. माझा आक्षेप पहिल्याच ओळीतील 'लिबर्टी प्लेसची लढाई' या शब्दांना आहे. हे नाव उठाव करणाऱ्यांच्या गौरवासाठी रूढ झाले. ते जसेच्या तसे वापरले, की त्यांचा निवाडाही आपल्या पदरी येतो.

दुसऱ्या बाजूला कोण उभे होते, हे ठसठशीतपणे लिही. कनाल स्ट्रीटवर सरकारच्या वतीने गोरे आणि कृष्णवर्णीय पोलीस व मिलिशियाचे जवान लढले, आणि त्यांचे सेनापती होते जेम्स लाँगस्ट्रीट, जे दहा-अकरा वर्षांपूर्वी, अमेरिकेच्या यादवी युद्धात, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्याच फौजेचे सेनानी होते. या एका माणसाच्या भूमिकेपाशी तू थांबायलाच हवे होतेस.

लढाईला तू तीन पाने दिलीस आणि पुढचे सारे चार ओळींत उरकलेस, हे मला अधिक खटकले. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सैन्य धाडल्यावर तीन दिवसांत बंडखोरांनी माघार घेतली आणि केलॉग परतले, हे खरे. परंतु कोणालाही शिक्षा झाली नाही, आणि १८७७ मध्ये संघराज्याच्या सैन्याचा आधार काढून घेतला जाताच सत्ता मॅकेनरींच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती गेली. १८९६ मध्ये लुइझियानात सुमारे १,३०,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते; मताधिकारावर जाचक अटी घालणाऱ्या राज्याच्या १८९८ च्या घटनेनंतर, १९०० पर्यंत, ते ५,००० च्या आसपास उरले. तुझ्या निबंधाचा खरा शेवट या आकड्यांत आहे.

स्मारकावरही एक परिच्छेद हवा. १८९१ मध्ये उठाव करणाऱ्यांच्या गौरवार्थ न्यू ऑर्लिन्समध्ये स्तंभ उभा राहिला, १९३२ मध्ये त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाचे उघड समर्थन कोरले गेले, आणि २४ एप्रिल २०१७ रोजी पहाटेच्या अंधारात तो उतरवणाऱ्या कामगारांना चेहरे झाकून, गोळीरोधक जाकिटे घालून काम करावे लागले.

जाता जाता एक नोंद. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांना दास्यमुक्त केल्याबद्दल, अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले ते १८७३ मध्ये. त्याच वर्षी, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातल्याच कोलफॅक्स गावी शरण आलेल्या कृष्णवर्णीयांनाही ठार मारण्यात आले. आपल्या वाचकाला ही दोन्ही टोके एकत्र दिसली पाहिजेत.

पहिले पान नव्याने लिहून पाठव. बाकीचे त्यानंतर पाहू.

तुझा हितचिंतक