प्लेथोरा, पूर आणि पुरे

प्रिय मुला,
सप्रेम आशीर्वाद.

भाषांतराची पानं मिळाली. एका वाक्यापाशी अडलो. अठराव्या शतकातला डॉक्टर तुझ्या मराठीत म्हणतो, ‘रोग्याच्या शरीरात विपुलता आढळल्याने रक्त काढले.’ मूळ इंग्रजी शब्द ‘प्लेथोरा’. कोशातला पहिला अर्थ तू उचललास. पण विपुलता आहे म्हणून कुणी माणसाची शीर तोडेल का? तिथेच तुझी लेखणी थबकायला हवी होती.

हा शब्द ग्रीक वैद्यांचा. ‘प्लेथोरे’ म्हणजे भरलेपण. त्यांच्या लेखी, शिरांमध्ये फाजील साठलेलं रक्त. इ. स. पू. तिसऱ्या शतकातला एरासिस्ट्राटस यालाच रोगांचं मोठं कारण मानायचा आणि त्यावर लंघनाचा उपाय सांगायचा. (आपल्या आज्यांना तो फार आवडला असता.) चारेकशे वर्षांनी रोममध्ये गेलन नावाचा वैद्य एरासिस्ट्राटसच्या अनुयायांशी कडाडून भांडला: उपास कसले करता, रक्त काढा! गेलनची सरशी झाली आणि युरोपात एकोणिसाव्या शतकापर्यंत रोग्यांच्या शिरा तुटत राहिल्या. १४ डिसेंबर १७९९ रोजी घसा सुजलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांचं दोन लिटरांहून अधिक रक्त काढलं. त्याच रात्री ते गेले.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तो वैद्यकातूनच. कशाचाही अतिरेक, हा अर्थ मागाहून चिकटला; ‘पुष्कळ’ हा तर अगदी अलीकडचा. तुझ्या डॉक्टरच्या वाक्यात मात्र तो रक्ताचाच आहे. ‘रक्ताधिक्य’ लिही.

आणखी एक सांगतो, कारण मला स्वतःला ते कळलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती. या ग्रीक शब्दाचं आणि आपल्या ‘पूर्ण’चं मूळ एकच. म्हणजे नदीचा पूर, पोळीतलं पुरण, पुरवठा ही सगळी त्याची भावंडं. आणि ताटावर आडवा हात धरून आपण म्हणतो ते ‘पुरे’सुद्धा! भरणं आणि थांबणं, दोन्ही त्याच घरातलं.

पुढे सतराव्या पानावर हाच शब्द डॉक्टरला आलेल्या पत्रांबद्दल आहे. तिथे रक्त चालणार नाही. तो वैतागलाय की सुखावलाय, हे आधी नीट वाचून ठरव. वैतागला असेल तर ‘पत्रांचा नुसता पूर’, नाहीतर ‘रेलचेल’. काय ठरलं ते कळव.

तुझा,
काका